थायलंडच्या मंडईत खरेदी: एका हिरव्या रश्शाची यादी घेऊन बाजार कसा फिरावा

थायलंडमधील ताज्या मालाच्या मंडईला तिथे ‘तालात सोत’ म्हणतात. ती पाहायला जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांचे एकच होते: दीड-दोन तास फिरून छायाचित्रे पुष्कळ मिळतात, पण कोणता कंद कशासाठी, कोणते पान कोणत्या रश्शात, शेजारच्या दोन ढिगांत फरक काय, याचा उलगडा होत नाही. यावर सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे एका पदार्थाची यादी हातात घेऊन मंडईत शिरणे. या लेखात त्यासाठी ‘केंग खिआव वान’, म्हणजे आपल्याकडच्या हॉटेलांत ‘ग्रीन करी’ म्हणून मिळणारा हिरवा रस्सा, निवडला आहे, कारण त्याच्या जिनसा गोळा करताना कंदमुळे, पाने, मिरच्या, नारळ, आंबवलेले पदार्थ, साखर आणि तांदूळ अशा मंडईतील जवळजवळ सगळ्या रांगांत जावे लागते. मराठी स्वयंपाकघरातून गेलेल्या माणसाला इथे एक फायदाही असतो. यातल्या निम्म्या वनस्पती त्याच्या ओळखीच्या असतात, मात्र थाई माणूस त्यांचा वेगळाच भाग खातो, आणि हे एकदा लक्षात आले की मंडई वाचता येऊ लागते.

कोणत्या मंडईत जावे

पहिल्या भेटीसाठी बँकॉकमधील ओर तोर कोर ही मंडई निवडावी. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पणन संस्थेची ही मंडई चातुचाक बाजाराच्या शेजारी, भुयारी मेट्रोच्या काम्फेंग फेत स्थानकाला लागूनच आहे. भाव इतर मंडयांपेक्षा स्पष्टपणे चढे असतात, पण फरशी कोरडी असते, माल निवडून मांडलेला असतो आणि प्रत्येक जिन्नस शांतपणे निरखता येतो. थोडक्यात, इथे ओळख करून घ्यावी आणि मोठी खरेदी दुसरीकडे करावी.

दुसरीकडे म्हणजे ख्लोंग तोई. ही बँकॉकमधील सर्वांत मोठ्या ताज्या मंडयांपैकी एक असून शहरातील असंख्य खानावळींचा माल इथूनच जातो. ख्लोंग तोई किंवा क्वीन सिरिकित या मेट्रो स्थानकांवरून तिथे चालत जाता येते. गल्ल्या अरुंद, जमीन ओली, आणि हातगाडीवाले कोणासाठीही थांबत नाहीत. मागून हाक आली की बाजूला सरकावे, एवढाच तिथला नियम. पायात बंद आणि न घसरणारे बूट असावेत. जिवंत मासे, बेडूक आणि कोंबड्या उघड्यावर विकल्या जातात, तेव्हा ज्यांना ते पाहवणार नाही त्यांनी भाजीच्या भागापुरतेच जावे.

उत्तरेला चिआंग माईत गेल्यास वारोरोत मंडई पाहावी. स्थानिक लोक तिला ‘काद लुआंग’, म्हणजे मोठी मंडई, म्हणतात. सुका माल आणि उत्तरेकडचे खास मसाले तिथे चांगले मिळतात; ताज्या भाजीसाठी जवळची मुआंग माई ही घाऊक मंडई अधिक बरी.

रेल्वेच्या रुळांवर भरणाऱ्या मेक्लोंगच्या बाजाराविषयी वेगळे सांगायला हवे. गाडी येताना दुकानांच्या कनाती आवरल्या जातात ते दृश्य पाहायला अलोट गर्दी होते आणि त्या गर्दीत खरेदी अवघड होते. पण ती गावाची खरी मंडई आहे, आणि समुत सोंगख्राम या जिल्ह्यातील कोळंबीची चटणी, नारळाच्या झाडाची साखर आणि ‘प्ला थू’ हा मासा या तिन्ही गोष्टी नावाजलेल्या आहेत. प्ला थू हा आपल्या बांगड्याचाच जवळचा भाऊबंद. तो वाफवून, बांबूच्या गोल परडीत मावावा म्हणून मान मोडून ठेवलेला दिसतो. दामनोएन सादुआकचा तरंगता बाजार मात्र स्वयंपाकाच्या दृष्टीने मी टाळण्याचाच सल्ला देईन; तिथे जिनसांपेक्षा भेटवस्तूच अधिक असतात.

वेळ, पैसे आणि वजनमापे

सकाळी सहा ते आठ ही उत्तम वेळ. त्यानंतर उकाडा वाढतो आणि पानांचा तजेला जातो. न्याहारी मंडईतच करावी: ‘चोक’ ही तांदळाची मऊ पेज, किंवा ‘पाथोंगको’ हे तळलेले पिठाचे तुकडे आणि सोबत गरम सोयाबीनचे दूध.

वीस, पन्नास आणि शंभर बाथच्या सुट्या नोटा जवळ असाव्यात. पाटीवर आकडा दिसला म्हणजे तो किलोचाच भाव असे गृहीत धरू नये. थायलंडमध्ये ‘खीत’ हे माप सर्रास वापरले जाते आणि एक खीत म्हणजे १०० ग्रॅम. मिरच्या, लसूण, सुकी कोळंबी आणि वाटलेले मसाले यांचा भाव बहुधा खीतवर असतो. पाने आणि कोवळ्या शेंगा ‘काम’, म्हणजे जुडीवर, मिळतात. ‘खीत ला थाव राय’ म्हणजे ‘१०० ग्रॅमला किती’, आणि ‘ख्रुंग किलो’ म्हणजे अर्धा किलो. एवढ्या दोन वाक्प्रयोगांवर बरेच काम भागते. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्राप’ आणि स्त्रीने ‘खा’ जोडले की बोलणे अदबीचे होते. वयस्क विक्रेतीला ‘पा’, म्हणजे मावशी, म्हणावे; आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या व्यक्तीला ‘फी’.

भाजीबाजारात घासाघीस करण्याची पद्धत जवळजवळ नाही. दोन-तीन जिनसा एकाच जागी घेतल्या तर विक्रेती स्वतःहून चार मिरच्या किंवा तुळशीची एखादी काडी वर घालते, तेवढ्यावर समाधान मानावे.

पहिली फेरी: कंद, देठ आणि मुळे

पिशवी रिकामी ठेवून आधी एक फेरी मारावी आणि मग हिरव्या रश्शाच्या वाटणापासून सुरुवात करावी. वाटणाचे कठीण जिन्नस बहुधा एकाच गाळ्यावर शेजारी शेजारी मिळतात, कारण थाई गृहिणीही ते एकत्रच घेते.

‘खा’ हा आल्यासारखा दिसणारा, फिकट आणि गुलाबी कोंबांचा कंद. आयुर्वेदिक काष्ठौषधींच्या दुकानात कुलिंजन म्हणून जे सुके तुकडे मिळतात ते याच वनस्पतीचे. आपल्याकडे तो खोकल्याच्या औषधात राहिला आणि तिथे रोजच्या जेवणात गेला. आल्याऐवजी खा किंवा खाऐवजी आले वापरू नये, कारण खाचा वास देवदार आणि लिंबू यांच्या मधला असतो आणि आल्याचा गोडसर तिखटपणा त्यात नसतो. वाटणासाठी जून कंद घ्यावा, नारळाच्या दुधातल्या पातळ सारासाठी कोवळा.

‘ताक्राय’ म्हणजे आपला गवती चहा. आपण पात कापून चहात टाकतो आणि बुंधा जमिनीत ठेवतो. थाई स्वयंपाकात नेमका तो बुंधाच लागतो: खालचा जाड, पांढरट-जांभळा, चार-पाच इंचांचा भाग. बाहेरची एक-दोन आवरणे काढून आडवे पातळ काप करावेत, नाहीतर तंतू वाटले जात नाहीत.

‘राक फाक ची’ हे कोथिंबिरीचे मूळ, आणि थाई वाटणाचा पाया म्हणायला हरकत नाही. लसूण, पांढरी मिरी आणि हे मूळ एवढे तिघे एकत्र कुटले की कित्येक पदार्थांची सुरुवात होते. महाराष्ट्रात कोथिंबिरीची जुडी मुळांसकट येते आणि ती मुळे आपण केरात टाकतो, हे तिथल्या मंडईत मुळांचे वेगळे ढीग पाहिल्यावर प्रकर्षाने जाणवते. जाड मुळे निवडावीत आणि माती जुन्या दातघासणीने घासून काढावी.

‘माक्रूट’ हे सुरकुतलेल्या सालीचे लिंबू. त्याचा रस फारसा वापरत नाहीत. वाटणात फक्त हिरवी साल किसून घालतात, तीही आतला पांढरा थर न येऊ देता, कारण तो कडू असतो. त्याच झाडाचे पान एकापुढे एक अशी दोन पाने जोडल्यासारखे दिसते. ते चुरगाळून वास घ्यावा. वास लगेच आणि भरपूर आला नाही तर दुसऱ्या गाळ्यावर जावे.

मिरच्यांत दोन नावे पुरेशी आहेत. ‘फ्रिक खी नू’ ही छोटी आणि अतिशय तिखट. ‘फ्रिक ची फा’ ही लांब, सौम्य आणि मुख्यतः रंगासाठी. हिरव्या रश्शाला दोन्ही हिरव्याच लागतात. लहान लालसर कांदे आणि बारीक पाकळ्यांचा स्थानिक लसूण घ्यावा; या लसणाची साल इतकी पातळ असते की ती न काढताच कुटतात.

पाने: तीन तुळशी आणि त्यांचा गोंधळ

इथे थोडा वेळ द्यावा, कारण चुकीचे पान घातले तर पदार्थच बदलतो. ‘होराफा’ हे जांभळ्या देठाचे, गुळगुळीत आणि बडीशेपेसारख्या वासाचे पान. हिरव्या रश्शात हेच लागते. वनस्पती म्हणून ती आपल्या सब्जाच्याच जातीची आहे, म्हणजे आपण जिचे बी फालुद्यात घालतो तिचे पान थाई लोक खातात. ‘काफ्राव’ ही तर आपली तुळसच, थोडी लवयुक्त आणि लवंगेसारखा तिखट वास असलेली. मांस, लसूण आणि मिरचीबरोबर ती मोठ्या आचेवर परततात, आणि त्या भातावर तळलेले अंडे घालून दिलेले ताट बँकॉकमध्ये जागोजाग मिळते. दारातल्या तुळशीला पाणी घालून मोठ्या झालेल्या माणसाला पहिल्या घासाला थोडे अवघडल्यासारखे होते, पण चव निर्विवाद उत्तम असते. तिसरे ‘मेंगलाक’, लिंबाच्या वासाचे, फिकट आणि नाजूक पान; ते पातळ, नारळ नसलेल्या भाज्यांच्या रश्शात आणि तांदळाच्या ताज्या शेवयांबरोबर येते.

पाने धुतलेली आणि थबथबलेली घेऊ नयेत. काळी पडू लागलेली होराफा शीतपेटीत आणखी लवकर काळी पडते, म्हणून ती कागदात गुंडाळून सावलीत ठेवणे बरे.

त्याच रांगेत वांगी मिळतील. ‘माखुआ प्रो’ ही गोट्यांसारखी हिरवी-पांढरी वांगी चार फोडी करून रश्शात टाकतात आणि ‘माखुआ फुआंग’ ही वाटाण्याएवढी, घोसात लागणारी आणि कडसर असतात. दुसरी घ्यायला बरेच जण कचरतात, पण नारळाच्या दुधाच्या गोडीला त्यांचा कडूपणा हवाच.

नारळ

मंडईत नारळाचा गाळा आवाजावरून सापडतो. यंत्रावर नारळ खवला जातो आणि तिथल्या तिथे दाबून दूध काढून पिशवीत बांधून मिळते. पहिले, पाणी न घालता काढलेले दाट दूध ‘हुआ काथी’. दुसरे, पातळ दूध ‘हांग काथी’. कोकणात आणि गोव्यात नारळाचे पहिले आणि दुसरे दूध वेगळे ठेवणाऱ्यांना यात नवे काही नाही, मात्र वापरण्याचा क्रम वेगळा आहे: या रश्शात दाट दूध आधी आटवतात आणि पातळ दूध नंतर घालतात. चार माणसांच्या रश्शासाठी अर्धा किलो खवलेल्या नारळाचे दूध पुरते. दोन्ही दुधे वेगवेगळ्या पिशव्यांत मागून घ्यावीत. नारळाचा गाळा शेवटी गाठावा, कारण उकाड्यात हे दूध काही तासांतच आंबते.

जुन्या भांड्यांच्या दुकानात ‘क्राताय खूत माफ्राव’ दिसली तर थांबावे. बसायचे लाकडी आसन आणि पुढे खवणीचे पाते अशी तिची रचना असते. कोकणातल्या खवणी लावलेल्या अडाळीशी तिचे नाते लगेच दिसते.

आंबवलेले पदार्थ, साखर आणि तयार वाटण

‘कापी’ म्हणजे बारीक कोळंबी मिठात आंबवून, उन्हात वाळवून आणि कुटून केलेला जांभळट-तपकिरी गोळा. आपल्याकडचा जवळा सुकवून ठेवतात, तिथे तो आंबवतात. चांगल्या कापीचा वास तीव्र असला तरी स्वच्छ असतो. अमोनियासारखा झोंबणारा वास आला तर घेऊ नये. समुत सोंगख्रामजवळच्या ख्लोंग खोन या किनाऱ्यावरच्या गावाची कापी प्रसिद्ध आहे.

‘नाम प्ला’ हे मासे आणि मीठ वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ आंबवून गाळलेले पाणी. बाटली उजेडात धरावी: रंग लालसर तपकिरी आणि द्रव नितळ असावा. काचेच्या बाटलीतले आणि घटकांची यादी मासे, मीठ आणि फार तर साखर इथे संपणारे घ्यावे. ‘प्ला रा’ हे ईशान्येकडील इसान भागाचे दाट, गढूळ, आंबवलेल्या माशांचे मिश्रण वेगळे. हिरव्या रश्शात त्याचे काम नाही.

साखरेत ‘नाम तान पीप’ हा मऊ, फिकट तपकिरी प्रकार घ्यावा. तो नारळाच्या फुलोऱ्याच्या रसाचा किंवा ताडाच्या रसाचा असतो. ताडाच्या साखरेसाठी फेच्चाबुरी जिल्हा ओळखला जातो. फार पांढरा आणि टणक गोळा असेल तर त्यात साधी साखर मिसळलेली असण्याची शक्यता मोठी. आपला उसाचा गूळ पर्याय म्हणून चालतो, पण त्याची चव उग्र असल्याने प्रमाण कमी करावे.

तयार वाटणाचे, ‘फ्रिक केंग’चे, रंगीत डोंगर परातींत रचलेले दिसतात आणि ते विकत घेण्यात कोणतीही लाज नाही, थाई घरांतही रोज खलबत्ता चालत नाही. हिरवे, लाल, ‘फानेंग’ आणि मसाल्यांचा सुगंध असलेले ‘मासामान’ एक-एक खीत घेऊन तुलना करता येते. खलबत्ता घ्यायचाच असेल तर वाटणासाठी दगडी घ्यावा. चोनबुरी किनाऱ्यावरील आंग सिला गावाचे दगडी खल नावाजलेले आहेत, पण वजनाचा विचार विमानतळावर नव्हे, दुकानात करावा. उंच मातीचा खल आणि लाकडी बत्ता हा कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’ या कोशिंबिरीसाठी असतो, त्यात वाटण होत नाही.

चिआंग माईत असाल तर ‘माख्वेन’ जरूर मागावे. तिरफळाच्याच कुळातले हे छोटे, उघडलेले, जिभेला झिणझिण्या आणणारे फळ तिथल्या मांसाच्या पदार्थांत घालतात. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या मालवणी किंवा गोव्याच्या घरी ते कुठे वापरायचे हे शिकवावे लागणार नाही.

शाकाहारी लोकांसाठी

फक्त ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही, कारण कापी वाटणातच असते आणि नाम प्ला मिठाच्या जागी असते. ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरे, जी परक्याला साधारण इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या 17 सारखी दिसतात, ती त्याची खूण. ‘जे’ जेवणात मांस, मासे, अंडी आणि दूध नसते, शिवाय कांदा-लसणासारखे उग्र वासाचे जिन्नसही नसतात. जैन वाचकांनी मात्र कंदमुळे चालतात हे ध्यानात ठेवून स्वतंत्र चौकशी करावी. ‘मांगसाविरात’ म्हणजे आपल्या नेहमीच्या अर्थाने शाकाहारी. त्यात अंडे असू शकते. खानावळीत ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे नाम प्ला घालू नका, आणि ‘माय साय कापी’ असे दोन्ही सांगावे. सोम तामच्या बाबतीत ‘माय साय कुंग हेंग’, म्हणजे सुकी कोळंबी नको, हेही जोडावे.

घरी करताना कापीच्या जागी ‘ताव चिआव’ ही आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट आणि नाम प्लाच्या जागी ‘सी इव खाव’ हा पातळ सोयासॉस वापरला तर रस्सा पुरेसा भरीव होतो.

गोळा केलेल्या मालाचा रस्सा

स्वयंपाकघर असलेली भाड्याची खोली घ्यावी, किंवा मंडईफेरीसह होणाऱ्या पाकवर्गाला जावे. चिआंग माईत असे वर्ग मुबलक आहेत. चार माणसांसाठी पंधरा-वीस हिरव्या छोट्या मिरच्या, गवती चहाचे दोन बुंधे, अंगठ्याएवढा खा, कोथिंबिरीची चार-पाच मुळे, माक्रूटची चमचाभर साल, चार-पाच छोटे कांदे, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या आणि चमचाभर कापी एवढे वाटण पुरे. तिखटाची सवय बेताची असेल तर निम्म्या छोट्या मिरच्यांऐवजी लांब मिरच्या घ्याव्यात.

एक चमचा धने आणि अर्धा चमचा जिरे कोरडे भाजून अर्धा चमचा पांढऱ्या मिरीसह आधी कुटून बाजूला ठेवावेत. मग मिरच्या मिठाबरोबर कुटाव्यात, कारण मीठ खरखरीत असल्याने साल लवकर फुटते. त्यानंतर कठीणाकडून मऊकडे जावे: गवती चहा, खा, माक्रूटची साल, कोथिंबिरीची मुळे, मग लसूण आणि कांदा, आणि सर्वांत शेवटी कापी व कुटलेला मसाला. आधीचा जिन्नस पूर्ण वाटला गेल्याशिवाय पुढचा घालू नये.

कढईत निम्मे दाट दूध मध्यम आचेवर तेल सुटेपर्यंत आटवावे आणि त्या तेलात वाटण परतावे. डबाबंद दुधाला तेल सहसा सुटत नाही, तेव्हा भारतात करताना दोन चमचे तेल आधी घालावे. वाटणाचा कच्चा वास गेला की अर्धा किलो कोंबडीचे तुकडे, किंवा त्याऐवजी टोफू, परतून पातळ दूध घालावे, उकळी आल्यावर वांगी सोडावीत, आणि ती शिजत आली की नाम प्ला व थोडी साखर घालून चव पाहावी. चव आधी खारट आणि मग गोडसर लागली पाहिजे. आंबटपणा या रश्शात नसतो, म्हणून लिंबू पिळू नये. माक्रूटची पाने शीर काढून आणि उरलेले दाट दूध शेवटी घालावे, आच बंद करावी आणि होराफा मूठभर टाकावी. सोबत ‘खाव होम माली’ हा सुवासिक तांदूळ करावा. ‘खाव निआव’ हा चिकट तांदूळ रात्रभर भिजवून वाफवावा लागतो आणि तो कोरड्या, भाजलेल्या पदार्थांबरोबर अधिक शोभतो.

परत येताना

ताजे कंद, पाने, फळे आणि रोपे भारतात आणायला वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र आणि परवाना लागतो, म्हणून ती आणू नयेत. सीलबंद नाम प्ला, कापी, वाटण आणि साखर तपासणीसाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या बॅगेत ठेवावीत. १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेत नेता येत नाही, आणि पेस्टही द्रवातच मोजली जाते. कापी दोन पिशव्यांत घालून वर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवावी, नाहीतर कपड्यांना तिचा वास आठवडाभर पुरतो.

ताजे जिन्नस मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि मोठ्या शहरांतील परदेशी भाज्यांच्या दुकानांत मिळतात. खा आणि माक्रूटची पाने एकदम जास्त आणून बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत. खाच्या आधीच पातळ चकत्या कराव्यात, कारण गोठलेला कंद सुरीने कापला जात नाही. गवती चहा कुंडीत असेलच, त्याचा बेटाच्या कडेचा जाड बुंधा मुळाजवळून कापावा आणि पात नेहमीप्रमाणे चहाला ठेवावी.